खोळंब्यातील हिकमत

वाचकहो, आपल्या घरांत आणि मजलिशींत एक किस्सा थोड्याफार फरकाने वारंवार ऐकायला मिळतो. कोणाची तरी गाडी चुकते. तो मनुष्य स्थानकावर उभा राहून रिक्षावाल्याला, घरच्यांना आणि स्वतःच्या नशिबाला दोष देतो. संध्याकाळी बातमी येते की त्याच गाडीला अपघात झाला. किस्सा सांगणारा येथे क्षणभर थांबतो, श्रोत्यांकडे पाहतो आणि सारे एकमुखाने 'सुब्हानल्लाह' म्हणतात. मीही अनेकदा म्हटले आहे. जो वाचला त्याने अल्लाहचे आभार मानलेच पाहिजेत, त्यात कसलाही वाद नाही.

परंतु त्या गाडीत जे बसले होते, त्यांच्या घरी हा किस्सा कसा सांगावा? त्यांच्यातही कोणी धावतपळत येऊन अखेरच्या क्षणी गाडी पकडली असेल आणि बसायला जागा मिळाली म्हणून 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले असेल. त्याचा रब्ब आणि चुकलेल्या प्रवाशाचा रब्ब एकच आहे. मग एकाचा उशीर ही कृपा आणि दुसऱ्याचे वेळेवर पोहोचणे ही काय? हा प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे होता. पण पुस्तकी प्रश्नासारखा, फडताळात ठेवलेला. तो खाली उतरला लोणी काळभोर येथे, पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला, एका पंक्चरच्या दुकानासमोर.

माझ्या खालाजानच्या निधनाची वार्ता रात्री उशिरा आली. त्या सोलापूरला राहत. लहानपणी वर्षातले दोन-दोन महिने मी त्यांच्याच घरी असे. आईच्या खालोखाल माझ्यावर कोणाचा हक्क असेल तर तो त्यांचा. जनाजा जुहरनंतर ठरला होता. पुण्याहून सोलापूर सुमारे अडीचशे किलोमीटर. फजरची नमाज आटोपून, घरातल्यांची आवराआवर होऊन, पुतण्याच्या गाडीने आम्ही निघालो. हडपसर मागे पडले, मांजरीचा फाटा गेला, आणि लोणी स्टेशनच्या चौकाच्या थोडे पुढे गाडीचे मागचे चाक फुटले. टायर बाजूनेच फाटला होता, म्हणजे पंक्चर काढून भागणारे नव्हते. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नव्हती आणि तिचे रबरही तडकलेले. पंक्चरवाल्याने ती अंगठ्याने दाबून पाहिली आणि मान हलवली. नवा टायर घ्यावा लागणार, टायरची दुकाने दहाच्या पुढे उघडणार. तेव्हा आठ वाजत होते.

मी सोलापूरला फोन केला आणि आमच्यासाठी थांबू नका, असे सांगितले. जनाजा लवकर उरकावा ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, एका भाच्यासाठी मय्यत रोखून धरणे योग्य नव्हते. सांगताना माझा आवाज स्थिर होता. फोन ठेवल्यावर मात्र एक हदीस आठवली आणि ती मनातून जाईना. जो जनाजाच्या नमाजला हजर राहतो त्याला एक कीरात पुण्य आणि जो दफनापर्यंत थांबतो त्याला दोन कीरात; आणि एकेक कीरात उहुद पर्वताएवढा. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. दुसऱ्यांच्या जनाजांना जाताना ही हदीस मी लोकांना किती वेळा ऐकवली असेल! आणि जिच्या खाटल्याला खांदा देणे हे माझे साधे कर्ज होते, तिच्या वेळी मी एका फुटक्या टायरपाशी बसलो होतो.

तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी गोळ्यांची पाकिटे आणि घडी घालून मळलेला एक कागद काढला. म्हणाले, "दादा, एवढं वाचून सांगता का? कुठली सकाळची अन् कुठली रातची, तेवढंच."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलेदेखील नाही. म्हणालो, "बाबा, मला घाई आहे."

गाडी जॅकवर उभी होती. चाक काढून बाजूला ठेवलेले होते. त्या संपूर्ण चौकात ज्याला कुठेही जाता येणार नव्हते असा एकच माणूस होता आणि तो म्हणत होता की मला घाई आहे. वृद्धांनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. टोमणा मारला असता तर मला बरे वाटले असते. ते फक्त "बरं बरं" म्हणाले आणि जाऊन पलीकडच्या ओट्यावर बसले.

वाचकहो, येथे मी हा प्रसंग थोडा बाजूला ठेवतो आणि आपल्याला दुसऱ्या एका खोळंब्याकडे नेतो. तो आपल्या सर्वांच्या उपयोगी पडलेला आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) सहकाऱ्यांसह प्रवासात होते. हजरत आयशा (र.) बरोबर होत्या. वाटेत त्यांच्या गळ्यातील हार तुटून कुठेतरी पडला. हार शोधण्यासाठी प्रेषित (स.) थांबले आणि त्यांच्याबरोबर सारा काफिला थांबला. त्या जागी पाणी नव्हते, लोकांच्या जवळही पाणी नव्हते. लोक हजरत अबू बक्र (र.) यांच्याकडे गेले आणि तुमच्या मुलीने काय केले पाहा, अशी तक्रार केली. अबू बक्र (र.) मुलीकडे आले. त्या वेळी प्रेषित (स.) हजरत आयशांच्या (र.) मांडीवर डोके ठेवून झोपले होते. वडिलांनी मुलीला रागावून घेतले. लोकांना पाणी नसलेल्या जागी अडकवून ठेवलेस म्हणून बोलले आणि हाताने तिच्या कुशीत ढोसलेही. हजरत आयशा (र.) स्वतः ही हकिकत सांगतात आणि सांगतात की मी जागची हलले नाही, कारण प्रेषितांचे (स.) डोके माझ्या मांडीवर होते. पहाट झाली, पाणी नव्हतेच, आणि अल्लाहने तयम्मुमची आयत अवतरित केली. ज्याला पाणी मिळत नाही त्याने स्वच्छ मातीने पवित्र होऊन नमाज पढावी, ही सवलत त्या रात्रीची देणगी आहे. उसैद बिन हुजैर (र.) यांनी तेव्हा अबू बक्रांच्या (र.) घराण्याचे कौतुक करून म्हटले की तुमच्यामुळे मिळालेली ही काही पहिली बरकत नव्हे. मग निघण्यासाठी उंट उठवला गेला आणि हार त्या उंटाखालीच सापडला.

रुग्णालयातील ज्या आजाऱ्याला पाणी वर्ज्य आहे, तो आज तयम्मुम करतो. दुष्काळी मुलखात अडकलेला वाटसरू करतो. चौदाशे वर्षांत किती कोटी नमाजी त्या हरवलेल्या हाराच्या ऋणात असतील, ते अल्लाहच जाणे. खोळंब्यात ईश्वरी हेतू असतो याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

परंतु ही हकिकत सांगताना आपण बहुधा शेवटापासून मागे पाहतो. मध्यरात्री त्या मैदानात उभे राहून पाहा. तेथे कोणालाही काही दिसत नव्हते. तक्रार करणारे लोक ढोंगी नव्हते, ते सहाबा होते. त्यांची तहान खरी होती, नमाजची चिंता खरी होती. अबू बक्रांसारखा (र.) मनुष्यही वडील म्हणून चिडला. हार उंटाखाली आहे, हे कोणालाच कळले नाही. आयत उतरणार आहे, हेही कोणाला कळले नाही. त्या रात्री एकच गोष्ट एका व्यक्तीच्या हाती होती : मांडीवर झोपलेल्याची झोप मोडू न देणे. वडिलांचा राग आणि हाताचा ढोसा सोसून ती तरुण स्त्री तेवढे करीत राहिली. हिकमत अल्लाहजवळ होती. तिच्या वाट्याला आले होते ते स्थिर राहणे. मला या साऱ्या हकिकतीत त्या न हलण्याइतके शिकवणारे दुसरे काही वाटत नाही.

सूरह अल-कहफमधील मूसा (अ.) आणि खिज्र (अ.) यांचा प्रवास आपण जुम्याच्या दिवशी वाचतो. नावेची फळी उखडली जाते, मूसा (अ.) राहवत नाही म्हणून विचारतात आणि पुढे कारण उघड होते : पलीकडे एक राजा होता, तो प्रत्येक चांगली नाव बळजबरीने घेत असे. ही कथा ऐकली की आपण आपसूक खिज्रांच्या जागी जाऊन बसतो. आपल्या आयुष्यातल्या प्रत्येक उखडलेल्या फळीमागचा राजा आपल्याला दिसू लागतो. नोकरी गेली ती यासाठी, लग्न मोडले ते त्यासाठी, शेजाऱ्याचे दुकान जळाले ते अमुक पापासाठी. हे शेवटचे वाक्य उच्चारताना आपल्याला भीती कशी वाटत नाही, याचे मला नवल वाटते. खिज्रांना (अ.) ते ज्ञान अल्लाहने आपल्याकडून दिले होते आणि त्यांनी स्वतः स्पष्ट केले की हे मी माझ्या मर्जीने केलेले नाही. आपल्याला तसे काही सांगितले गेलेले नाही.

आपण त्या कथेत कोठे आहोत? मला वाटते, आपण त्या नावेचे मालक आहोत. ते गरीब होते, दर्यावर कष्ट करून पोट भरत होते. त्यांना कोणी काही समजावल्याचे कुरआनात नाही. त्यांनी सकाळी फुटकी नाव पाहिली असेल, कपाळाला हात लावला असेल, कोणा परक्या प्रवाशाला चार शब्द बोललेही असतील. मग त्यांनी फळी ठोकली असेल. गैब अल्लाहचे आहे, फळी आपली आहे. आपल्याला अप्रिय वाटणाऱ्या गोष्टीत भलाई असू शकते, ही अल-बकरा सूरहमधील शिकवण आपण एकमेकांना सांत्वनासाठी सांगतो. पण त्या आयतीचा शेवट बहुधा गाळून सांगतो. शेवटी म्हटले आहे की जाणणारा अल्लाह आहे, आपण नव्हे.

याच कथेतील तिसऱ्या प्रसंगाकडे आपले लक्ष कमी जाते. दोघे एका गावात पोहोचतात, भुकेले असतात, अन्न मागतात आणि गावकरी पाहुणचार नाकारतात. परक्यांना दारातून परत पाठवलेल्या त्या गावातच अनाथ मुलांच्या धनावरची भिंत कोसळायला आली होती. ती उभी केली ती त्या नाकारलेल्या परक्याने, मजुरी न घेता. गावाला हे कळले की नाही, हेही कथा सांगत नाही.

आता स्टेपनीविषयी. माझा पुतण्या त्या दिवशी दोनदा म्हणाला, "चाचा, तकदीर होती." तकदीर होती, याबद्दल माझ्या ईमानात शंका नाही, झाडाचे पानही अल्लाहच्या ज्ञानाबाहेर गळत नाही, हे सूरह अल-अनआम शिकवते. परंतु स्टेपनीत हवा आहे की नाही हे पाहणेही तकदीरच्याच चौकटीतले काम होते आणि ते आम्ही केले नव्हते. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितल्याची हदीस आपल्याला पाठ आहे. आजच्या भाषेत उंट बांधणे म्हणजे प्रवासापूर्वी पाच मिनिटे वाकून चाके पाहणे. हजरत उमर (र.) शामच्या वाटेवर असताना तेथे साथ पसरल्याची बातमी आली आणि त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमरांचे (र.) उत्तर असे होते की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे.

हे विस्ताराने लिहितो त्याला कारण आहे. खोळंब्यात हिकमत शोधण्याची सवय फार लवकर आळशीपणाचा बुरखा बनते. लोणी काळभोरच्या परिसरात तेल कंपन्यांचे इंधनसाठे आहेत. टँकरांची ये-जा अखंड असते, त्यात महामार्गाची वाहतूक आणि कारखान्याकडे जाणारा ऊस. त्या चौकात होणारी कोंडी माणसांनी घडवलेली आहे आणि माणसांनीच सोडवायची आहे. खड्ड्यात पडून कोणाचा हात मोडला तर पडलेल्याने सब्र करावा. पण ज्याच्याकडे रस्त्याची जबाबदारी आहे त्याने 'अल्लाहची मर्जी' म्हणणे हा सब्र नव्हे, ती अमानतीतील खयानत आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. शाखांमध्ये ती सर्वांत खालची म्हटली आहे, हे खरे. पण खालच्या फांदीपर्यंतच बहुतेकांचा हात पोहोचतो.

तर मी तेथे बसलो होतो. चूक आमची, खंत माझी, आणि पलीकडच्या ओट्यावर ते वृद्ध. मनात सारखे 'असे केले असते तर' चालू होते. काल रात्रीच निघालो असतो तर. दुसरी गाडी घेतली असती तर. हा 'जर-तर' सैतानाच्या कामाला दार उघडतो, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. माझ्या बाबतीत सैतानाने त्या दारातून काय केले, ते माझ्या लक्षात हळूहळू आले. त्याने मला पापाकडे वगैरे नेले नाही. त्याने मला माझ्या दुःखात इतके गुंतवले की समोरचा माणूस दिसेना. दुःख खरे होते, त्याचा उपयोग मात्र आडोशासारखा झाला.

सूरह अबस आपणा सर्वांना ठाऊक आहे. कुरैशच्या सरदारांशी महत्त्वाचे बोलणे चालू असताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (र.), जे अंध होते, मध्येच आले आणि शिकवण विचारू लागले. व्यत्यय तर खराच होता. बोलणेही धर्मकार्याचेच होते, स्वार्थाचे नव्हते. तरीही कपाळावर आलेल्या एका आठीची दखल अल्लाहने घेतली. आणि ती आठी त्या अंध माणसाला दिसलीही नव्हती! पुढे प्रेषित (स.) त्यांचा विशेष आदर करीत, त्यांनी मस्जिद-ए-नबवीत अजान दिली, प्रेषित (स.) बाहेर असताना मदिन्याची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली. आपण मध्येच आलेल्या माणसाला कामातला अडथळा समजतो. कोण जाणे, हाती घेतलेले कामच त्या माणसाच्या वाटेतला अडथळा असेल.

मी उठलो. ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "आजोबा, आणा तो कागद." त्यांनी 'मघाशी नाही म्हणालात' वगैरे काही न दर्शवता पिशवी उघडली. कागदावरचे अक्षर डॉक्टरी होते, मलाही धड लागेना. त्यांचा लिहिता-वाचता मुलगा कामानिमित्त बाहेरगावी होता आणि चार दिवस ते तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेत होते. अंदाजाने सांगणे धोक्याचे होते, म्हणून औषधाचे दुकान उघडल्यावर आम्ही दोघे तेथे गेलो. दुकानातल्या मुलाने कागद पाहिला, एक गोळी रात्रीची असल्याचे सांगितले, आणि पेनने पाकिटांवर चित्रे काढून दिली : दोघांवर सूर्य, एकावर चंद्र. वृद्धांनी ती पाकिटे हातात फिरवून पाहिली आणि हसले. जाताना त्यांनी विचारले की तुम्ही कुठे निघालात. मी सांगितले. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "माती मिळंल का तुम्हाला?" मी म्हणालो, "नाही मिळणार." त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. त्यांचे नाव मी विचारले नाही, त्यांनीही माझे विचारले नाही.

एवढेच घडले. यात चमत्कार काहीही नाही. दुकानातल्या मुलाने ते काम माझ्याविनाही केले असते; वृद्धांनी पुढच्या कोणा माणसाला विचारले असते. माझ्यामुळे त्यांचा जीव वाचला, असे मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. परंतु सूरह अल-फुरकानमध्ये एक गोष्ट सांगितली आहे, ती त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे : अल्लाहने माणसांना एकमेकांसाठी कसोटी बनवले आहे, आणि विचारले आहे की तुम्ही सब्र कराल काय. आपण नेहमी धरून चालतो की परका माणूस ही आपली कसोटी. त्या सकाळी लोणी काळभोरच्या चौकात मी त्या वृद्धांची कसोटी होतो. त्यांनी 'बरं बरं' म्हणून ती पार पाडली होती. माझा निकाल तासाभराने लागला.

मुस्लिमच्या संग्रहातील एक हदीस-ए-कुदसी अशी आहे की कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. बंदा गोंधळून म्हणेल की तू तर साऱ्या विश्वाचा रब्ब! तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मला त्याच्यापाशीच पाहिले असतेस. येथे 'का' याचे उत्तर नाही. 'कोठे' याचे आहे. आपण संकटामागचे कारण शोधीत आकाशाकडे पाहतो, आणि आपल्याला पत्ता दिला जातो तो एका आजाऱ्याच्या खाटेचा.

इस्लामने वाटसरूला किती जपले आहे! जकातीच्या आठ वाटेकऱ्यांत 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेत अडलेला, एक आहे. मग तो आपल्या गावी कितीही सधन असो. प्रवाशाची नमाज कमी केली, रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली. ही सारी व्यवस्था एवढ्यासाठीच की घराबाहेर पडलेला प्रत्येक मनुष्य थोडा तरी निराधार असतो आणि त्याचा हक्क अनोळखी लोकांवर असतो.

त्या गावाला परक्यांची सवय आहे, हेही नमूद करावे असे वाटते. देहूहून निघणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम लोणी काळभोरला असतो, आणि दुसऱ्या दिवशी यवतला, जेथे गावकरी पिठले-भाकरीने वारकऱ्यांना जेवू घालतात. हीच पालखी देहू सोडताना अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. अकीद्याचे भेद आपापल्या जागी आहेत आणि ते लपवण्याची गरज नाही. परंतु त्या दिवशी सोलापूर रस्त्याची वाहतूक वळवली जाते, मोटारीतला मनुष्य कपाळावर आठ्या घालून भोंगा वाजवतो, आणि त्याच रस्त्यावरच्या घरांत बायका परक्यांसाठी पहाटेपासून पीठ मळीत असतात. एकच रस्ता, एकच दिवस. माझ्या त्या सकाळी पंक्चरवाल्याने आम्हा दोघांना न विचारता चहा मागवला होता आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "मयतीला निघालाय, राहू द्या."

टायर बसवून निघायला अकरा वाजून गेले. सोलापूरला पोहोचलो तेव्हा असर होत आली होती. कब्रस्तानात माती ओली होती आणि माणसे परतली होती. एक मावसभाऊ माझ्यासाठी थांबला होता. मी उभा राहिलो. मस्जिद झाडणाऱ्या त्या व्यक्तीची आठवण झाली, जिचे रात्री निधन झाले आणि क्षुल्लक बाब समजून लोकांनी प्रेषितांना (स.) कळवलेच नाही, प्रेषितांनी (स.) चौकशी केली, कबर दाखवा म्हणाले आणि कबरीपाशी जाऊन तिच्यासाठी नमाज पढली. दफनानंतर कबरीवर जनाजाची नमाज कोणी आणि केव्हा पढावी, यावर फुकहांत मतभेद आहेत. त्यात मी शिरलो नाही. मगफिरतची दुआ केली. जितका वेळ उभे राहता आले तितका राहिलो.

वाटेत काय झाले ते मावसभावाला सांगितले. तो सहज म्हणाला, "म्हणजे त्या म्हाताऱ्यासाठीच अल्लाहने तुम्हाला थांबवलं." मी त्याला होही म्हटले नाही आणि नाहीही. खालाजानच्या खांद्याच्या बदल्यात तो कागद, असा हिशेब माझ्याच्याने मांडवत नाही. मांडणारा दुसरा आहे. काटा टोचला तरी त्याबदल्यात श्रद्धावंताच्या चुका झडतात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. त्या दिवशीचे माझे काय झडले आणि काय तसेच राहिले, हे मला दाखवले गेलेले नाही.

मगरिबनंतर घरी बसलो होतो. मावसबहीण खालाजानचे सामान आवरीत होती. त्या निरक्षर होत्या, कुरआन तेवढा ऐकून पाठ केलेला. उशाच्या डब्यातून तिने त्यांची औषधे काढली. न वापरलेली कोणा गरजूला द्यावीत, असा विचार होता. पाकिटांवर निळ्या शाईने खुणा होत्या. सूर्य, सूर्य, चंद्र. मी विचारले, हे कोणी काढले? ती म्हणाली, "माहीत नाही. आमच्यापैकी कोणी नाही. अम्मी दुकानात जायची, तिथं कुणाला तरी विचारलं असेल."